कोल्हापूर वस्तुसंग्रहालय

महाराष्ट्र राज्यातील कोल्हापूर शहराचे शासकीय पुराणवस्तुसंग्रहालय. शहराच्या मध्यवस्तीतील टाउन हॉलच्या इमारतीत ते असल्यामुळे लोकांत ते ‘टाउन हॉल म्यूझीयम’ याच नावाने ओळखले जाते. त्याची स्थापना १९४६ मध्ये झाली. पंचगंगेच्या काठावरील ब्रह्मपुरी या टेकाडाच्या उत्खननात मिळालेल्या पुरावशेषांचे जतन व प्रदर्शन, हे त्याच्या स्थापनेचे निमित्त. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर (१ मार्च १९४९) ते प्रथम मुंबई राज्याच्या व पुढे महाराष्ट्र राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आले. संग्रहाचा आकार मोठा नाही. तथापि दख्खनच्या प्राचीन नागरजीवनाच्या अभ्यासात त्याला जे स्थान आहे, ते याहून कितीतरी मोठ्या संग्रहालयांना लाभलेले नाही.

कोल्हापूरचा इतिहास सामान्यतः दोन प्रकारे सांगितला जातो. एक पौराणिक : महालक्ष्मीचे पीठ, दक्षिण काशी व करवीर क्षेत्र यांचा. दुसरा राजकीय : ताराबाईंपासून सुरू होणारा, १७८२ मध्ये पन्हाळ्याहून राजधानी येथे आल्यावर आकार घेणारा व राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीत (१८९४–१९२२) परमोच्च बिंदू गाठणारा. पहिल्याला काळाचे बंधन नाही आणि दुसऱ्याचा आवाका जेमतेम तीन शतकांचा आहे. या दोहोंच्या दरम्यान, आजच्या शहराच्या हद्दीत, इसवी सनाच्या आरंभी एक संपन्न व्यापारी नगर नांदत होते, ही गोष्ट ना क्षेत्रमाहात्म्यात आढळते, ना बखरींत. त्या नगराची एकही वास्तू जमिनीवर उभी नाही. ते कळते ते केवळ खापरे, विटा, नाणी व धातूच्या काही वस्तूंवरून, आणि त्यांपैकी महत्त्वाच्या वस्तू या संग्रहालयात आहेत.

प्रारंभीचे शोध : कोल्हापूर हे एकाच गावाचे वाढलेले रूप नाही. ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा, रंकाळा, पद्माळा व रावणेश्वर अशा सहा जुन्या वस्त्या जोडल्या जाऊन ते बनले, असे परंपरा सांगते. यांपैकी ब्रह्मपुरी सर्वांत प्राचीन मानली जाते. शहराच्या वायव्येस पंचगंगेच्या उजव्या तीरावर असलेले हे टेकाड नदीपात्रापासून उंच असून नदीचा उतार त्याच्या लगत आहे. प्राचीन वस्तीला आवश्यक त्या सर्व सोयी येथे एकत्र होत्या. टेकाडाचा बराचसा भाग नैसर्गिक नसून शतकानुशतके एकावर एक साचलेल्या घरांच्या मलब्याचा आहे, हे मात्र फार उशिरा ध्यानात आले.

तत्पूर्वी टेकाडाचा उपयोग माती व जुन्या भाजक्या विटांची खाण म्हणून होत असे. अशाच खोदकामात १८७७ च्या सुमारास तेथे शिशाच्या नाण्यांचा साठा मिळाला. नाण्यांच्या एका बाजूस धनुष्यबाण व दुसऱ्या बाजूस टेकडीवजा चैत्य आणि वृक्ष अशी चिन्हे असून भोवती ब्राह्मी लिपीत प्राकृत लेख आहेत. त्यांतून वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र सिवलकुर व गौतमीपुत्र विळिवायकुर अशा तीन राजांची नावे समजली. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या नाण्यांचे वाचन केले. काही नाण्यांवर आधीच्या राजाचा ठसा अर्धवट पुसून त्यावर नंतरच्या राजाचा ठसा उमटविलेला आहे. या पुनर्मुद्रणावरून तिघांचा क्रम निश्चित करता आला : प्रथम वासिष्ठीपुत्र, नंतर माढरीपुत्र व शेवटी गौतमीपुत्र. ज्यांच्याविषयी एक ओळही लिहिलेली नाही, अशा राजांची वंशपरंपरा केवळ ठशांवर पडलेल्या ठशांवरून लावता यावी, हे नाणकशास्त्राच्या सामर्थ्याचे चांगले उदाहरण होय.

हे राजे कोण, याबद्दल मात्र एकमत नाही. मातृनामे लावण्याची पद्धत सातवाहनांसारखी असल्याने काहींनी त्यांना सातवाहन मानले, काहींनी त्यांचे मांडलिक म्हटले, तर काहींच्या मते ‘कुर’ हे सातवाहनांपूर्वी कोल्हापूर परिसरात राज्य करणारे स्वतंत्र घराणे होते. इ. स. दुसऱ्या शतकातील ग्रीक भूगोलज्ञ टॉलेमी याने दख्खनमधील ‘हिप्पोकूरा’ ही ‘बालेओकूरोस’ राजाची राजधानी असल्याचे नमूद केले आहे. बालेओकूरोस म्हणजे विळिवायकुर, हे समीकरण डॉ. रा. गो. भांडारकरांनी ग्राह्य धरले. ते खरे असल्यास हिप्पोकूरा म्हणजे कोल्हापूर, असा तर्क ओघानेच येतो. नामसादृश्य आकर्षक असले, तरी टॉलेमीने दिलेले दख्खनमधील स्थलनिर्देश इतके विसंगत आहेत की, त्यांवर भिस्त ठेवून नगराचे प्राचीन नाव निश्चित करणे धाडसाचे ठरेल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणातच शहराच्या मध्यभागी एका बौद्ध स्तूपाचे अवशेष उघडकीस आले. त्यात दगडी पेटी व तिच्या आत स्फटिकाचा अस्थिकरंडक होता. पेटीच्या झाकणावरील ब्राह्मी लेखात, हे बम्ह (ब्रह्म) याचे दान असून ते धमगुत (धर्मगुप्त) याने करविले, असा आशय आहे. म्हणजे शाक्तपीठ म्हणून सर्वश्रुत झालेल्या या स्थळी तत्पूर्वी बौद्ध उपासकांची वस्ती होती. हे दोन्ही शोध विद्वानांच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाले व तेथेच राहिले. शहराला त्यांची फारशी खबर नव्हती. टेकाडावरील माती व विटा यांची ने-आण नंतरही चालूच राहिली.

ब्रह्मपुरीचे उत्खनन : कोल्हापूर संस्थानातील शिलालेखांचे अभ्यासक प्रा. के. जी. कुंदणगार यांनी ब्रह्मपुरीच्या अवशेषांकडे लक्ष वेधले. १९४४-४५ च्या सुमारास तेथे कांस्यवस्तूंचा प्रसिद्ध संचय मिळाला आणि त्यानंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये शास्त्रीय पद्धतीने उत्खनन केले. त्याचा अहवाल १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातील ऐतिहासिक काळाच्या नगरवस्तीचे स्तरनिहाय केलेले हे अगदी आरंभीचे उत्खनन असून नासिक, नेवासे इ. स्थळांच्या उत्खननांना ते मार्गदर्शक ठरले.

उत्खननात मुख्यतः दोन कालखंडांची वस्ती स्पष्ट झाली. खालची सातवाहनकालीन (सु. इ. स. पू. पहिले ते इ. स. तिसरे शतक) व वरची बहमनीकालीन (सु. चौदावे ते सतरावे शतक). मधल्या शिलाहार काळाच्या खुणा त्या मानाने विरळ आहेत. सातवाहनकालीन घरे भाजक्या विटांची व कौलारू होती. कुर राजांची व सातवाहनांची नाणी, मातीच्या मूर्ती, शंखाच्या व काचेच्या वस्तू, मौल्यवान दगडांचे मणी, लोखंडी हत्यारे आणि विपुल मृत्पात्रे या थरांत मिळाली. राजवाडा, तटबंदी किंवा मोठे देवालय असे काही मिळाले नाही. मिळाली ती गृहस्थांची घरे आणि त्यांतील रोजच्या वापराच्या वस्तू. प्राचीन महाराष्ट्र लेण्यांतून ज्ञात होता, त्या लेण्यांना दान देणारे व्यापारी व कारागीर कसे राहत, हे मात्र ज्ञात नव्हते. त्याचे पहिले ठोस उत्तर ब्रह्मपुरीने दिले.

वरच्या थरांतील बहमनीकालीन काचेच्या बांगड्यांचे तुकडे अनेकरंगी व नक्षीदार आहेत. दीक्षित हे मणी व काच या विषयांतील अधिकारी अभ्यासक झाले. त्यांच्या पुढील ग्रंथांत ब्रह्मपुरीच्या या सामग्रीचा वाटा आहे. कपाटात मांडलेले हे तुकडे प्रेक्षक सहसा ओलांडून पुढे जातो. वस्तुतः कोणत्याही राजवटीच्या नोंदीत न आलेल्या स्त्रियांच्या जीवनाचा एवढाच पुरावा त्या काळातून शिल्लक राहिला आहे.

कांस्यसंचय : संग्रहालयाची ख्याती ज्या वस्तूंवर आहे, तो हा संचय. त्यात भांडी, दिवे, आरसे, मूर्ती, चाकांची छोटी गाडी व इतर अनेक वस्तू आहेत. बहुसंख्य वस्तू देशी बनावटीच्या असून थोड्या निश्चितपणे भूमध्य सागरी प्रदेशातून आलेल्या आहेत. या आयात वस्तूंत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची मूर्ती सर्वांत प्रसिद्ध होय. उंचीने ती वीतभराहूनही लहान आहे. दाढी असलेला हा नग्न देव उभा असून त्याचा एक हात त्रिशूळ धरण्याच्या आविर्भावात वर उचललेला आहे. शरीराचा तोल एका पायावर घेतल्यामुळे कमरेला आलेला हलका बाक व स्नायूंची सफाईदार ठेवण ग्रीक शिल्पपरंपरेची निदर्शक आहे. इ. स. पू. चौथ्या शतकातील लायसिपस या शिल्पकाराच्या परंपरेशी तिचे नाते जोडले जाते. प्रत्यक्ष मूर्ती मात्र रोमन काळातील, इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील असावी. हिच्या जोडीला इटलीतील कॅम्पेनिया प्रदेशातील कारखान्यांच्या घडणीचा मुठीचा कांस्यकुंभ आणि पर्सियस व अँड्रॉमेडा यांची कथा उठावात दाखविणारी चकती आहे. कार्ल खंडालावाला यांनी १९६० मध्ये या संचयाचे विवेचन प्रसिद्ध केले. पुढे रिचर्ड द प्यूमा या अमेरिकन अभ्यासकाने परदेशी वस्तूंची छाननी करून १९९१ मध्ये आपला अभ्यास मांडला.

देशी वस्तूंपैकी हत्ती व त्यावरील स्वार यांचा लहानसा समूह लक्षणीय आहे. हत्तीची भारदस्त चाल आणि पाठीवर दाटीने बसलेल्या स्वारांची सहजता यांत भाजे, कार्ले येथील शिल्पांची आठवण करून देणारा जिवंतपणा आहे. पोसायडनच्या कीर्तीमुळे या कलाकृतीकडे दुर्लक्ष होते. कोल्हापूरच्या प्राचीन कलेविषयी बोलायचे, तर साक्ष हत्तीची काढली पाहिजे. पोसायडन हा पाहुणा आहे.

पाहुणा येथवर कोणत्या वाटेने आला, हे सांगता येते. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक नौकानयन-पुस्तिकेत कोकण किनाऱ्यावरील अनेक बंदरांची नावे येतात. कोकणातून फोंडा, आंबा यांसारख्या घाटांनी वर चढणाऱ्या वाटा कोल्हापूर परिसरात मिळतात आणि तेथून कऱ्हाड, तेर (तगर), पैठण या व्यापारी केंद्रांकडे जातात. कऱ्हाडच्या रहिवाशांची दाने मध्य प्रदेशातील भारहूतच्या स्तूपावर कोरलेली आहेत, इतका या मार्गांचा पल्ला दूरवर होता. यावरून कोल्हापुरात रोमन व्यापाऱ्यांची वसाहत होती, असे विधान लोकप्रिय लेखनात पुष्कळदा केले जाते. त्याला आधार नाही. परदेशी वस्तू मोजक्या, देशी वस्तू विपुल व घरबांधणी पूर्णतः स्थानिक, अशा स्थितीत रोमन माणसे येथे राहिली असे म्हणण्यापेक्षा रोमन वस्तूंची आवड असलेली माणसे येथे राहत होती, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. एवढे असणे हेही नगराच्या संपन्नतेचे पुरेसे द्योतक आहे.

या वस्तू एकत्र का ठेवल्या गेल्या, हा प्रश्न अधिक अवघड आहे. एखाद्या धनिकाने जमविलेला हा संग्रह असेल किंवा संकटकाळी घाईने लपविलेले घरचे चीजवस्त असेल. वितळवून नव्या वस्तू घडविण्यासाठी एखाद्या तांबटाने गोळा केलेली ही मोड असण्याचीही शक्यता आहे. तसे असल्यास पोसायडनची मूर्ती तिच्या शेवटच्या मालकाच्या लेखी केवळ काही तोळे धातू होती. यांपैकी कोणते खरे, ते ठरविण्यासाठी वस्तू कोणत्या थरात, कोणत्या खोलीत, एकमेकींच्या कशा सान्निध्यात होत्या, हे कळणे आवश्यक असते. संचय शास्त्रीय उत्खननापूर्वी मिळाल्याने हा पुरावा पुरेसा उरला नाही. नंतरच्या उत्खननात मिळालेला साधा खापराचा तुकडा आपला काळ सांगू शकतो. संग्रहालयातील सर्वांत मोलाच्या वस्तूला ते सांगता येत नाही. तिचा काळ घडणीच्या शैलीवरून ठरवावा लागतो. शैली मूर्ती केव्हा घडली ते सांगते, ती कोल्हापुरात केव्हा आली ते सांगत नाही.

मध्ययुगीन अवशेष : संग्रहालयात व त्याच्या आवारात कोल्हापूर परिसरातील मूर्ती, वीरगळ, शिलालेख व तोफा आहेत. यांतील मध्ययुगीन अवशेष पाहताना शिलाहार घराण्याचा संदर्भ (सु. ९४०–१२१२) ध्यानी ठेवावा लागतो. महालक्ष्मीच्या वरप्रसादाने राज्य लाभलेले, असे बिरुद लावणाऱ्या या राजांच्या लेखांतून कोल्हापूर शहराचे आणखी एक विस्मृतीत गेलेले रूप दिसते. संस्कृत लेखांत शहराचे नाव ‘क्षुल्लकपुर’ व कन्नड लेखांत ‘कोल्लापुर’ असे येते. शहरातील शुक्रवार दरवाजाजवळील शके १०५८ (इ. स. ११३५) च्या कन्नड लेखात गंडरादित्याचा सामंत निंबदेव याने बांधविलेल्या जैन बसदीला वीरबणंज या व्यापारी श्रेणीने बाजारातील मालावरील कराचा हिस्सा लावून दिल्याची नोंद आहे. शके १०६५ (इ. स. ११४३) चा विजयादित्याचा लेखही अशाच एका बसदीच्या दानासंबंधी आहे. माघनंदी या जैन आचार्यांचा मोठा शिष्यपरिवार येथे होता. राजा महालक्ष्मीचा भक्त, त्याचा सामंत जैन, व्यापारी श्रेणींचा व्यवहार कन्नडमध्ये आणि दानलेखांची भाषा कधी कन्नड, तर कधी संस्कृत, असे बाराव्या शतकातील हे शहर होते. कुंदणगारांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संग्रहामुळे व वा. वि. मिराशी यांच्या शिलाहार लेखांच्या संपादनामुळे (१९७७) हे लेख अभ्यासकांना उपलब्ध झाले. भाषावार राज्यरचनेनंतर मात्र हा वारसा मराठी वाचकाला परका व कन्नड वाचकाला दूरचा झाला आणि त्याकडे पाहण्याची सवय दोघांचीही सुटली.

चित्रे व इतर संग्रह : आधुनिक काळातील कोल्हापूरच्या चित्रकारांची चित्रे हे संग्रहालयाचे दुसरे वैशिष्ट्य होय. आबालाल रहिमान, दत्तोबा दळवी, बाबूराव पेंटर आदींच्या चित्रांनी येथील चित्रपरंपरेची कल्पना येते. आबालाल रहिमान (मृ. १९३१) यांनी कोटितीर्थ तलावाच्या परिसराची जलरंगांत व तैलरंगांत विपुल निसर्गचित्रे काढली. शाहू छत्रपतींच्या निधनानंतर (१९२२) व्यथित होऊन त्यांनी आपली पुष्कळ चित्रे त्याच तलावात बुडविली, असे सांगतात. दंतकथेचा भाग वगळला, तरी त्यांची उपलब्ध चित्रे थोडी आहेत, हे खरे. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) हे चित्रपटनिर्माते म्हणून अधिक ज्ञात आहेत. त्यांच्या चित्रपटांतील प्रकाशयोजनेचे मूळ पाहायचे, तर त्यांच्या चित्रांकडे यावे लागते. यांखेरीज शस्त्रे, नाणी, हस्तिदंती व इतर कलाकुसरीच्या वस्तू येथे आहेत. त्या संस्थानी संग्रहांत सर्वत्र आढळतात तशाच आहेत.

इमारत : टाउन हॉलची इमारत १८७२–७६ या काळात बांधण्यात आली. तिचा आराखडा चार्ल्स मँट या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने केला. कोल्हापूरचा नवा राजवाडा, बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा व अजमेरचे मेयो कॉलेज यांचे आराखडेही त्याचेच. मँटच्या नंतरच्या वास्तूंत भारतीय व पाश्चात्त्य शैलींचे मिश्रण प्रकर्षाने दिसते. टाउन हॉल त्या मानाने शुद्ध गॉथिक वळणाचा आहे. काळ्या घडीव दगडाच्या भिंती, टोकदार कमानी व निमुळते होत जाणारे मनोरे यांमुळे ती दुरूनही उठून दिसते. सभोवती बाग व जुने वृक्ष आहेत. इमारत सार्वजनिक सभांसाठी बांधलेली असल्याने तिचे मुख्य दालन एकसंध व उंच आहे. लहान वस्तूंच्या मांडणीला ते फारसे अनुकूल नाही. संग्रहालय या इमारतीत १९४९ मध्ये आले.

ब्रह्मपुरीचे टेकाड येथून जवळच, शिवाजी पुलाच्या बाजूस आहे. त्यावर दाट वस्ती असल्यामुळे पुन्हा विस्तृत उत्खनन करण्यास फारसा वाव नाही. घरांच्या पायांत व पंचगंगेकडील उतारावर जुन्या विटा आणि खापरे आढळतात. १९४५-४६ मध्ये खोदलेला भाग टेकाडाच्या मानाने लहान होता. बौद्ध स्तूप नेमका केवढा होता, कुर राजांचे ठाणे कोठे होते व सातवाहनकालीन वस्ती ओस का पडली, यांची उत्तरे उरलेल्या भागाखाली आहेत.